लाल गाडी आणि साडेआठचं गेट

दिशानं गाडी पसंत करायला चार मिनिटं घेतली. शोरूममध्ये ती आधी पुढच्या सीटवर बसली, मग मागच्या. उतरली, पुन्हा चढली. "आईंचा गुडघा यात वाकेल," ती म्हणाली. मग विक्रेत्याला विचारलं, "आणि सकाळी किल्ली फिरवली की चालू होते ना?" तो म्हणाला, "होते की मॅडम." "मग झालं," म्हणून ती पर्स उचलून निघाली.

ती गाडी राखाडी होती, उंच होती, आणि पुढून पाहिलं तर एखाद्या सज्जन कारकुनासारखी दिसत होती. असा कारकून आपल्याला रोज भेटतो, आपलं काम वेळेवर करून देतो आणि त्याचं नाव आपल्याला कधीच आठवत नाही. मी इंदापूरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि बारामतीत राहतो. नऊ वर्षं मोटारसायकलवरून ये-जा केल्यावर कंबरेच्या डॉक्टरांनी मोटारसायकल बंद करायला सांगितली, म्हणून गाडीचा विषय निघाला. रोजच्या वापराची, न कुरकुरणारी, न बिघडणारी गाडी हवी, हे आमच्या घरात एकमतानं ठरलं होतं. ठराव मीच मांडला होता, हे मुद्दाम सांगतो.

पण आमच्या वरच्या मजल्यावर आप्पासाहेब राहतात. दूध संघातून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या निर्णयांची काळजी ते पूर्ण वेळ करतात. शोरूममधून आणलेलं माहितीपत्रक त्यांनी माझ्या हातातून घेतलं, चष्मा वर करून पाहिलं आणि परत दिलं.

"सर, ही गाडी हाय व्हय? हा तर डबा हाय. सकाळी भरून न्यायचा, संध्याकाळी रिकामा आणायचा."

"रोजच्या वापराला बरी आहे, आप्पासाहेब."

"रोजच्या वापराला चप्पल असती. गाडी अशी घ्यायची की लोकांनी मागं वळून बघितलं पायजे. आमच्या ऋषिराजची लाल गाडी बघितली न्हाय का तुमी? तो इकायचं म्हणतोय."

ऋषिराज म्हणजे त्यांचा पुतण्या. त्याची गाडी मी पाहिली होती. लाल, बुटकी, मागं पंख बसवलेली. स्प्रिंगा कापून त्यानं ती आणखी खाली बसवली होती, आणि तिच्या आवाजानं आमच्या सोसायटीतली कबुतरं एकदम उडायची. शेहेचाळीस वर्षांच्या, कंबर दुखणाऱ्या, दोन पेन खिशाला लावणाऱ्या माणसानं असल्या गाडीकडे बघू नये, हे मला मान्य आहे. तरीही मी बघितलं. ऋषिराजनं मला एक चक्कर मारून आणली. तेवढ्या चकरेत माझी कंबर दुखली नाही. ती दुखली नाही की मला कळलं नाही, हे अजून ठरायचं आहे.

दिशाला सांगितलं तेव्हा ती अभ्यास करत होती. ती सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं कंत्राटी परिचारिका आहे. कायम पदाची परीक्षा रविवारी इंदापूरला होती, आणि वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटचीच परीक्षा होती. तिनं पुस्तकातून मान वर केली नाही. "सोमवारी बोलू," म्हणाली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ मी पुढं घातला.

ऋषिराजनं गाडी शनिवार-रविवार वापरून बघायला दिली. बारामतीहून इंदापूरला रुंद, सरळ रस्ता आहे. रविवारी सकाळी त्या रस्त्यानं डोळे मिटूनही वेळेत पोचता आलं असतं. पण मी म्हणालो, "आपण शनिवारीच कळसला जाऊ. आईच्या हातचं खाऊ, सकाळी तिथून निघू. इंदापूर जवळ पडेल." कळसला माझे आईवडील राहतात. खरं कारण असं, की मला ती लाल गाडी आमच्या वस्तीवर न्यायची होती. ज्या पाराजवळ मी चाळीस वर्षांपूर्वी टायर पळवत होतो, तिथून ती एकदा सावकाश न्यायची होती.

"आडवळणी रस्ता आहे," दिशा म्हणाली. "उसाचा हंगाम आहे."

"पाऊण तासाचं तर अंतर आहे!" मी म्हणालो. भौतिकशास्त्राचा माणूस अंतराबद्दल बोलायला लागला की घरातले गप्प बसतात.

वस्तीवर लोक जमले, गाडी बघितली. माझे वडील, रामभाऊ, पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरीला होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि मला विचारलं, "पाऊस झाल्यावर ही बसून राहती का तरंगती?" आईनं आत बसायचा प्रयत्न केला. ती बसली, पण तिला बाहेर काढायला दिशा आणि मी असे दोघं लागलो.

रविवारी सकाळी पावणेसातला आम्ही निघालो. म्हणजे निघायचं ठरलं होतं. केंद्राचं गेट साडेआठला बंद होणार होतं, नंतर कुणालाही आत सोडणार नाहीत असं प्रवेशपत्रावर ठळक अक्षरात छापलं होतं. या गाडीला किल्ली फिरवायची नसते. किल्ली खिशात ठेवायची आणि बटण दाबायचं. मी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. गाडीचं म्हणणं होतं, की किल्ली सापडत नाही.

मी किल्ली खिशातून काढून हातात धरली. पडद्यासमोर नाचवली. पुन्हा बटण दाबलं. तेच.

"किल्ली तुझ्या हातात हाय," वडील खिडकीतून म्हणाले, "आन गाडी म्हणती किल्ली न्हाय. खोटं कोण बोलतंय?"

ऋषिराजला फोन लावला. रविवारी तो दहाच्या आधी उठत नाही ही माहिती मला त्याच्या आईनं फोनवर दिली. शेजारचे दोघं आले. एक म्हणाला ढकला, दुसरा म्हणाला ढकलून चालू होत नाही, आता नव्या गाड्यांना मन असतं. सात वाजले. दिशानं माझ्या हातातून किल्ली घेतली, नखानं उघडली, आतला रुपयाएवढा चपटा सेल काढून पाहिला आणि घरात गेली. दोन मिनिटांत आईच्या साखर तपासायच्या यंत्रातला सेल घेऊन बाहेर आली.

"बसतोय," ती म्हणाली. "आई, तुमची साखर उद्या बघू."

"बघा की," आई म्हणाली. "साखर कुठं पळून जातीय."

गाडी गरजली. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. अजून वेळ होता. मी दिशाला तसं म्हणालोसुद्धा. ती प्रवेशपत्र मांडीवर ठेवून समोर बघत होती.

दुसऱ्या वळणावर उसाच्या दोन ट्रॉल्या लागल्या. एका ट्रॅक्टरला एकामागं एक जोडलेल्या, दोन्हीकडून ऊस रस्त्यावर लोंबणाऱ्या. ही गाडी आठ सेकंदांत शंभरचा वेग घेते असं ऋषिराजनं सांगितलं होतं. आम्ही त्या ट्रॉल्यांमागं बैलगाडीच्या वेगानं चाललो होतो. मी हॉर्न वाजवला. ट्रॅक्टरवाल्यानं गाणी एवढ्या मोठ्यानं लावली होती की त्याला तो त्यातलाच एखादा सूर वाटला असावा. डांबराच्या कडेला हातभर खड्डा. ही गाडी तिथं उतरली असती तर परत वर आली नसती. वीस मिनिटं आम्ही त्या उसाकडे बघत होतो. दिशाच्या हातातलं प्रवेशपत्र दमट झालं होतं. एसी चालू होता, तरी.

शेवटी ट्रॅक्टर एका वाटेनं वळला. मी पाय दाबला. गाडी अशी सुटली की दिशानं दरवाजा घट्ट धरला, आणि मला क्षणभर वाटलं, बघ, आता कळेल हिला! तेवढ्यात पुढच्या वाडीचा गतिरोधक आला.

हा गतिरोधक सरकारी नव्हता. ट्रॅक्टरवाल्यांना वैतागून वाडीनं स्वतः बांधलेला होता, आणि माणसानं रागाच्या भरात बांधलेल्या वस्तूची उंची मोजलेली नसते. चहाच्या टपरीवर तीन माणसं बसली होती. मी थांबलो, काच खाली केली.

"तिरकी घ्या सर, तिरकी," पहिला म्हणाला.

"न्हाय न्हाय. सरळच घ्या, पर जोरात," दुसरा म्हणाला.

"माघारी जावा," तिसरा म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दिशा वजन कमी व्हावं म्हणून उतरली आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. मी दोन्ही सल्ल्यांची सरासरी काढली. तिरकी घेतली, आणि जोरात. खालून लोखंड फाटल्यासारखा आवाज आला. गाडी पलीकडे गेली हे खरं, पण मागं डांबरावर काळ्या तेलाची एक रेघ उमटली, आणि पडद्यावर लाल दिवे एकामागून एक लागत गेले. मग इंजिन आपोआप बंद पडलं.

सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. इंदापूर अजून बारा किलोमीटर.

टपरीवरचे तिघं आले, मग आणखी सहाजण आले. तेलाचा डबा फुटला यावर एकमत झालं. भोकाला अंगाचा साबण लावा, बसतो, असं एकानं सुचवलं. दुसऱ्यानं विचारलं, कपड्याचा चालेल का. त्यावर चर्चा रंगली. कुणाची मोटारसायकल मिळेल का असं मी विचारलं, तर ज्याची चालू होती तो पोराला घेऊन बाजाराला गेला होता. मी गाडीखाली वाकून बघत होतो, म्हणजे बघण्याचा आव आणत होतो. वर उठून पाहिलं तर दिशा तिथं नव्हती. ती पन्नास पावलं पुढं रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती, हात वर करून.

मला तेव्हा तिची पाठ दिसत होती. तिनं परीक्षेसाठी इस्त्री केलेली फिकट निळी साडी, हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत दोन पेनं आणि कागद. मी तिला नऊ वर्षं मोटारसायकलवर मागं बसवून नेलं, तेव्हा एकदाही वाटेत थांबावं लागलं नव्हतं. मला माझी एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सात अठ्ठावन्नला एक गाडी आली. राखाडी, उंच. दिशानं पसंत केली होती तीच गाडी, फक्त दहा वर्षं जुनी आणि दाराला पोचा आलेली. चालवत होत्या नऊवारी नेसलेल्या, जाड चष्म्याच्या एक बाई. मागच्या सीटवर पेरूची क्रेट रचलेली.

"मावशी, माझी परीक्षा आहे, इंदापूरला. साडेआठला गेट बंद होतंय," दिशा म्हणाली.

"मग उभी काय? बस की," बाई म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तुमी मागं पेरूसंगट बसा."

त्यांचं नाव द्वारकाबाई. निरवांगीच्या. आदल्या दिवशी लेकीकडे मुक्कामाला आल्या होत्या, आता तिच्या बागेतला माल बाजाराला नेत होत्या. गाडी निघाली आणि माझ्या लक्षात आलं की काटा चाळीसवर जाऊन थांबलाय. आठ वाजून पाच मिनिटं झाली, काटा चाळीसवर. रस्ता मोकळा, काटा चाळीसवर.

"मावशी," मी क्रेटच्या मागून म्हणालो, "जरा जोरात घेता येईल का?"

"न्हाय. आमच्या मालकांनी शिकवली तवा सांगितलं व्हतं, चाळीसच्या वर काटा न्यायचा न्हाय. ते गेले त्याला सा वर्सं झाली. काटा हाय तितंच हाय."

मी मनातल्या मनात गणित करत बसलो. बारा किलोमीटर, चाळीसचा वेग, अठरा मिनिटं. पण पुढं निमगावच्या अलीकडे ट्रॉल्यांची अख्खी रांग दिसली आणि माझं गणित संपलं. द्वारकाबाईंनी गाडी डावीकडे पाटाच्या कडेच्या रस्त्यावर घातली. रस्ता कसला, चिखल आणि दगड. लाल गाडी तिथं पोटावर बसली असती. ही डुलत, धक्के खात, एकदाही न रुसता जात राहिली. माझ्या डोक्यावर पेरू पडत होते, मी ते झेलून परत ठेवत होतो. दिशा पुढं बसून ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं प्रार्थना करतेय. नंतर कळलं, लसीकरणाचं वेळापत्रक म्हणत होती.

आठ बावीसला आम्ही केंद्राच्या गेटसमोर उतरलो. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि पुढच्या आयुष्यात मी तो कधीही आधी सोडणार नाही.

"ओळखपत्राची झेरॉक्स?" गेटवरच्या माणसानं विचारलं.

दिशानं पिशवी चाळली. मूळ कार्ड होतं. झेरॉक्स लाल गाडीच्या कप्प्यात राहिली होती. माझा फोनही तिथंच, चार्जिंगला लावलेला.

नवऱ्यानं काहीतरी करून दाखवायची हीच वेळ, असं मला वाटलं. मी तिच्या हातातलं कार्ड हिसकलं, "आलोच!" म्हणालो आणि पळालो. ती मागून काहीतरी ओरडली. मी हात हलवला.

चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्यासारखे बारा नवरे आणि तेरा बाप उभे होते. मी सगळ्यांना हात जोडत पुढं घुसलो. "शेवटची संधी आहे हो," म्हणालो. "सगळ्यांचीच हाय सर," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, पण त्यांनी जागा दिली. दुकानदारानं कार्ड काचेवर ठेवलं, झाकण लावलं, आणि वीज गेली.

आठ सव्वीस. "येईल लगीच," दुकानदार म्हणाला. यंत्राचं झाकण त्यानं उघडलं नाही, वीज आली की लगेच सुरू करायला बरं म्हणून. मी झाकणाकडे बघत उभा राहिलो. अकरा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या रजेच्या जागा भरल्या होत्या. दरवर्षी आदेश येईपर्यंत ती नोकरीत आहे की नाही हे तिला माहीत नसायचं.

तेवढ्यात बाहेर हॉर्नचा असा मोठा आवाज झाला की सगळी रांग वळली. राखाडी गाडी दुकानाच्या पायरीला टेकली होती आणि द्वारकाबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या.

"ओ मास्तर! झेरॉक्स नकं त्यास्नी! झेरॉक्स मागनं दिली तरी चालतीय म्हणत्यात! मूळ कारड पायजे! ते तुमी घिऊन पळालाय!"

मी झाकण उघडलं, कार्ड उचललं आणि पुढच्या सीटवर पडलो. दार लागायच्या आत गाडी निघाली. मी काट्याकडे पाहिलं. साठ. सत्तर. गल्लीत, रविवारच्या बाजारात, सत्तर. द्वारकाबाई दात-ओठ खात सरळ समोर बघत होत्या. एक म्हैस बाजूला झाली. एका भाजीवाल्यानं टोपली उचलून पोटाशी धरली.

"मावशी, चाळीस..." माझ्या तोंडून निघालं.

"गप बसा," द्वारकाबाई म्हणाल्या.

गेटचा एक दरवाजा लागला होता, दुसरा लागत होता. दिशा त्या दोन दरवाजांच्या मधल्या फटीत खांदा घालून उभी होती आणि गेटवरच्या माणसाला शांत आवाजात प्रवेशपत्रावरचा नियम वाचून दाखवत होती. "क्रमांक सात. मूळ ओळखपत्र अनिवार्य. प्रत परीक्षेनंतर सादर करता येईल. माझं मूळ ओळखपत्र येतंय. तुमच्या घड्याळात अजून एक मिनिट आहे." तिनं माझ्या हातातून कार्ड घेतलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आत गेली आणि गेट लागलं.

मी फुटपाथवर बसलो. द्वारकाबाईंचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. बऱ्याच वेळानं त्या उतरल्या आणि म्हणाल्या, "आता बाजारात जागा मिळायची न्हाय." मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि तिथंच, गेटसमोर, ताटकळत बसलेल्या पालकांना पेरू विकायला सुरुवात केली. मी क्रेट उतरवून दिली. मग तराजू धरला. तेवढ्यात एका मुलीचे वडील जवळ आले, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही आमच्या प्रतिक्षाला फिजिक्स शिकवलंय ना?" मी हो म्हणालो. त्यांनी सहानुभूतीनं एक किलो जास्त घेतले.

दुपारी दिशा बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"कसा गेला?"

"पहिले दहा प्रश्न वाचलेच नाहीत. डोळ्यांपुढं गेटच दिसत होतं." ती माझ्या शेजारी फुटपाथवर बसली. "तुम्ही कार्ड घेऊन पळालात ना, तेव्हा मला वाटलं, संपलं. मी ओरडत होते आणि तुम्ही हात हलवत होतात." आणि मग ती रडली. मोठ्यानं नाही. माझ्याकडे त्या वेळी एकही शास्त्रीय स्पष्टीकरण नव्हतं. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "अकराव्यापासून सगळे सोडवले. शेवटी परत जाऊन पहिले दहाही केले. चुकलेत दोन-तीन."

"दिशा, मी त्या लाल गाडीचं..."

"आधी काहीतरी खाऊ," ती म्हणाली.

लाल गाडी टेम्पोवर चढून बारामतीला गेली. तिची दुरुस्ती मी करून दिली, आणि ऋषिराजनं ती पुण्याच्या कुणाला तरी विकली. आप्पासाहेब म्हणाले, "गाडीत दोष न्हवता सर. तुमच्या हाताला सवय न्हवती." राखाडी गाडी आम्ही त्याच आठवड्यात घेतली. चालवायला दिशा द्वारकाबाईंकडे शिकली. चार रविवार ती निरवांगीला गेली आणि दोघींनी मला एकदाही बरोबर नेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात निकाल लागला. तिचं नाव यादीत होतं, शेवटून चौथं. मी ते सहा वेळा वाचलं. आईला सांगितलं तर तिनं विचारलं, "कायमची म्हंजी आता कुनी काढू शकत न्हाय ना?" नाही म्हणालो. "मग ह्यास्नीबी सांग," म्हणून तिनं फोन वडिलांकडे दिला.

नेमणूक आडगावच्या उपकेंद्रात मिळाली. तिथं वेळेवर जाणारी बस नाही, आणि लसीची पेटी मांडीवर घेऊन रिक्षानं जाता येत नाही. त्यामुळे राखाडी गाडी रोज सकाळी साडेसातला दिशाला घेऊन निघते. किल्ली फिरवली की चालू होते.

मी एसटीनं जातो. परवा कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "सर, गाडी घेतली म्हनं तुमी?"

"घेतली की."

"मग?"

"ड्यूटीवर आहे," मी म्हणालो, आणि खिडकीजवळ सरकलो.